कोयत्याबरोबर चंद्राची वहीही न्या

(लिंबागणेश इथं झालेल्या प्रभागसंघाच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापत आहोत. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)

तायांनो, मावश्यांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या आज्यांनो.

बचत, परतफेड, बँकेचं कर्ज हे विषय अध्यक्षताईंनी आत्ताच उरकले. मला थोडा वेळ दिलाय तो दशसूत्रीतल्या शिक्षणाच्या सूत्रासाठी. आज मी आकाशाबद्दल बोलणार आहे. सूर्य, चंद्र, तारे, उपग्रह, आणि हे सगळं आपल्या लेकरांच्या वर्गात कसं येतं त्याबद्दल. हसू नका. दसऱ्याला आता महिनासुद्धा उरला नाही. दसरा झाला की मुकादमाचे फोन सुरू होतील, गाड्या भरायला लागतील, आणि निम्मी सभा कारखान्याच्या वाटेला लागेल. म्हणून हा विषय आजच काढायचा होता.

तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं आकाश

आपलं गाव भालचंद्राचं. ज्याच्या भाळी चंद्र तो भालचंद्र. तेव्हा इथल्या बाईला चंद्र काही परका नाही. संकष्टीचा उपास किती जणी करता? हात वर करा बघू. निम्म्याहून जास्त आहेत. मग सांगा, संकष्टीला उपास सोडायला रात्रीचे नऊ-साडेनऊ का वाजतात? कॅलेंडरात लिहिलेलं असतं म्हणू नका. कॅलेंडरवाल्याला तरी कुणी सांगितलं?

हा हिशोब आपल्या गटाच्या वहीइतकाच सोपा आहे. पौर्णिमेला इकडं सूर्य मावळतो आणि तिकडं त्याच सुमाराला चंद्र उगवतो. दिवेलागणीची वेळ, साडेसहा धरा. दुसऱ्या दिवशी तो सरासरी ५० मिनिटं उशिरा येतो. तिसऱ्या दिवशी आणखी ५० मिनिटं. चतुर्थी येईपर्यंत अडीच-तीन तास उशीर साचतो. साडेसहात ते मिळवा, नऊ-साडेनऊ वाजले.

आता ही ५० मिनिटं कुठून आली? एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस लागतात. एका दिवसाची मिनिटं १,४४०. त्यांना साडेएकोणतीसनं भागा. उत्तर ४९ च्या आसपास येतं. पृथ्वी स्वतःभोवती गरागरा फिरते आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरतो. आपण एक फेरी मारून कालच्या जागी येतो, पण तोवर चंद्र जरा पुढं सरकलेला असतो. त्याला गाठायला जो जास्तीचा वेळ लागतो, तीच ही ५० मिनिटं.

झालं. तुम्ही आत्ता अवकाशविज्ञान शिकलात, आणि त्यासाठी लागली ती फक्त बेरीज आणि भागाकार.

मृगाचंही तसंच. मृग लागला म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात आलेला असतो, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी. सूर्याच्या उजेडात ते तारे तेव्हा दिसत नाहीत. ते दिसतात हिवाळ्यात. एका रांगेतले तीन तारे, भोवती चार, आणि खाली लखलखणारा व्याध. ज्या बाया नोव्हेंबरात पहाटे चारला उठून फडात जातात त्यांनी हा मृग पश्चिमेकडं कललेला रोज बघितलाय. फेब्रुवारीत त्याच वेळेला तो मावळून गेलेला असतो आणि दक्षिणेच्या बाजूला विंचवाची नांगी वर येत असते. बघितलंय सगळं, फक्त त्याला अभ्यास म्हणायचं आपल्याला कुणी शिकवलं नाही.

प्रयोगशाळेतून वर्गात आलेली माणसं

तुमच्यातल्या पुष्कळ जणी कोल्हापूरकडं कोयता घेऊन जातात. त्याच कोल्हापुरात १९३८ साली डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म झाला. जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. केंब्रिजला शिकले, तिथं मोठं काम केलं, आणि १९७२ साली भारतात परत आले. पुढं १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी विश्वाबद्दल काय शोधलं ते सांगायला माझ्यापेक्षा मोठा माणूस लागेल. मला सांगायचंय ते त्यांनी मुलांसाठी काय केलं ते.

शाळेतली पोरं त्यांच्याकडं सही मागायला यायची. ते सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, पोस्टकार्डावर मला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्या उत्तराखाली माझी सही असेल. बघा, केवढी युक्ती! सही हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे. आणि पोस्टकार्ड काय, पुण्याच्या पोराचं आणि पाटोद्याच्या पोराचं सारखंच.

आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी प्रयोगासकट व्याख्यान ठेवायची पद्धत पडली. नंतर तिथं मुलांसाठी वेगळं विज्ञानकेंद्र झालं, मुक्तांगण विज्ञान शोधिका. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून त्याची इमारत बांधली. इमारतीचं नाव पुलस्त्य. पुलस्त्य हा सप्तर्षींतला एक तारा, आणि नावातच पु. ल. आहेत! त्या केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षं काम केलं. जुन्या काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या, पेनाच्या रिफिल, अशा टाकाऊ सामानातून ते विज्ञानाची खेळणी करायला शिकवायचे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. महागडं सामान नाही म्हणून विज्ञान शिकवता येत नाही, ही सबब त्यांनी कायमची मोडीत काढली.

नारळीकरांच्या घरातल्या बाईंचं पण सांगते. डॉ. मंगला नारळीकर गणितज्ञ होत्या. लग्न झालं, तीन मुली झाल्या, सासू-सासऱ्यांचं घर सांभाळलं, आणि त्यातूनच गणित चालू ठेवून १९८१ साली त्यांनी पीएचडी केली. मुलांना गणित सोपं करून सांगणारी पुस्तकं त्यांनी मराठीत लिहिली. शिकणं मध्येच थांबलं तरी पुन्हा धरता येतं, हे आपल्या गटातल्या ज्या सुना दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरू की नको म्हणून अडून बसल्यात, त्यांनी ध्यानात ठेवावं.

जी टोळी जुन्नर-नारायणगावच्या बाजूला जाते तिनं रानात उभ्या असलेल्या मोठमोठ्या तबकड्या बघितल्या असतील. नारायणगावजवळ खोडद म्हणून गाव आहे, तिथली ती दुर्बीण. एकूण ३० तबकड्या, एकेक ४५ मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ १५० फूट. आपली खाट विणतो तशी तारेची जाळी विणून केलेल्या, म्हणून वजनाला हलक्या आणि खर्चाला कमी. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. या दुर्बिणीतून डोळ्यांनी काही बघायचं नसतं. आकाशातून रेडिओच्या लहरी येतात, त्या ती गोळा करते. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, तिथं शाळांसाठी विज्ञान प्रदर्शन भरतं. खेड्यापाड्यांतली हजारो मुलं येतात, आणि शास्त्रज्ञ त्यांच्या पुढ्यात उभे राहून बोलतात. तुमच्या पालापासून ते ठिकाण कदाचित पाच-दहा किलोमीटरवर असेल. यंदा मुकादमाला एक दिवसाची सुट्टी मागा.

शाळेची एक अडचण असते. तारे रात्री आणि शाळा दिवसा. मग आकाश शिकवायचं कसं? यावर मुंबईच्या नवनिर्मिती संस्थेत डॉ. विवेक माँटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खूप काम केलं. त्यांनी दिवसाचं आकाश वर्गात आणलं. सूर्य हा पण ताराच की! एक साधा आरसा घ्यायचा. त्यावर कागद चिकटवायचा आणि कागदाला नखाएवढं भोक ठेवायचं. आरसा उन्हात ठेवून कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या भिंतीवर पाडायचा. भोक चौकोनी असो की तिकोनी, भिंत लांब असली की कवडसा गोलच पडतो. कारण तो कवडसा म्हणजे सूर्याचं चित्र. भिंत २० मीटरवर असेल तर चित्र वीतभर रुंद येतं. सगळा वर्ग एकदम बघू शकतो, आणि डोळ्याला धोका नाही. फक्त आरशात वाकून बघायचं नाही आणि सूर्याकडं थेट बघायचं नाही, हे लेकरांना दोनदा सांगायचं.

ग्रहणाबद्दल पण एक शब्द बोलते. २ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, ढग नसले तर. तेव्हा घरात कुणी गरोदर असेल तर तिला उपाशी, तहानलेली, एका जागी बसवून ठेवू नका. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. सावलीनं पोटातल्या बाळाला काही होत नाही, पण तासन् तास पाणी न पिल्यानं होतं. अपाय एकाच गोष्टीनं होतो, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडं टक लावून बघण्यानं. त्यासाठी हाच आरसा वापरा. नाहीतर पिठाची चाळणी उन्हात धरा आणि जमिनीवर तिच्या प्रत्येक भोकातून पडलेली सूर्याची कोर बघा.

आकाश बघून पोट भरतं का?

मागच्या महिन्यात एका गटात हा विषय काढला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “ताई, आकाशाकडं बघून भाकर मिळती का?” प्रश्न रास्त आहे, त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे.

पहिली गोष्ट. टीव्हीवर पावसाच्या बातमीत ढगांचं जे चित्र दाखवतात ते आपल्या इन्सॅट उपग्रहांनी वरून काढलेलं असतं. वादळ कुठून येतंय, ढग किती दाट आहेत, ते त्यातून कळतं. आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखाला पावसाचा अंदाज म्हणजे भाकरच आहे.

दुसरी गोष्ट. हे काम फार मोठ्या घरच्यांचं असतं असं आपल्याला वाटतं. पण १९८१ साली आपल्या देशाचा ॲपल नावाचा उपग्रह तपासायचा होता. धातूच्या गाडीवर ठेवला तर लहरींच्या तपासणीत घोळ होईल, म्हणून शास्त्रज्ञांनी तो कशावर ठेवला असेल? बैलगाडीवर! लाकडी बैलगाडी, पुढं बैल, वर उपग्रह. तो फोटो जगभर गाजला. तुमच्यातल्या किती जणींनी बैलगाडीतून ऊस वाहिलाय, सांगा. देशाचा उपग्रह तिच्यावरच बसून गेला.

तिसरी गोष्ट बायांची. २०१४ च्या सप्टेंबरात आपलं यान मंगळाशी पोचलं, तेव्हा इस्रोतल्या बाया एकमेकींना टाळ्या देत हसतानाचा फोटो पेपरात आला होता. काठपदराच्या साड्या, केसांत गजरे. कुणी म्हणावं, हळदीकुंकवाला आल्यात. त्या इस्रोतल्या प्रशासकीय कर्मचारी होत्या, पण इस्रोत शास्त्रज्ञ बायाही आहेत. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता होत्या, मोहीम संचालक रितू करिधाल होत्या. चांद्रयान-३ मध्ये कल्पना कलाहस्ती सहयोगी प्रकल्प संचालक होत्या. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ते यान चंद्रावर उतरलं, तेव्हा आपल्याकडं पण शाळाशाळांतून मुलं टीव्हीपुढं बसली होती.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यात जवळची. चेन्नईच्या स्पेस किड्झ इंडिया संस्थेनं देशभरातल्या ७५ सरकारी शाळांमधल्या ७५० मुली निवडल्या आणि त्यांच्याकडून एका छोट्या उपग्रहाचे भाग तयार करून घेतले. नाव आझादीसॅट. ७ ऑगस्ट २०२२ ला तो इस्रोच्या नव्या रॉकेटातून गेला. पण रॉकेटानं तो चुकीच्या कक्षेत सोडला आणि सगळं वाया गेलं. ७५० पोरींची मेहनत एका दिवसात संपली. मग काय केलं? पुन्हा केलं. सहा महिन्यांनी, १० फेब्रुवारी २०२३ ला, आझादीसॅट-२ बरोबर जागेवर पोचला. आपला गट पहिल्या वर्षी मोडतो, दुसऱ्या वर्षी आपण तो पुन्हा उभा करतो, तसंच हे. त्या पोरी आपल्या पोरींसारख्याच सरकारी शाळेतल्या होत्या.

दार उघडं आहे, पण पोरगी वर्गात पाहिजे

शास्त्रज्ञ अर्धी वाट चालून आलेत. इस्रोचा युविका नावाचा कार्यक्रम २०१९ पासून सुरू झाला. नववीतल्या मुलामुलींना उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात नेतात. प्रवास, राहणं, जेवण सगळं इस्रोच्या खर्चानं. अर्ज इंटरनेटवर भरायचा असतो. निवड करताना आठवीचे मार्क बघतात, आणि ग्रामपंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्याला वेगळे गुण देतात. म्हणजे आपली पोरगी खेड्यातली आहे हा तिथं तिचा फायदा आहे. झेडपीच्या शाळांतली मुलं परीक्षा घेऊन निवडायची आणि त्यांना इस्रो, अगदी अमेरिकेतली नासासुद्धा दाखवायची, हे २०२२ साली आपल्या बीड जिल्हा परिषदेनं जाहीर केलं होतं. २०२५ मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं आयुकाच्या मदतीनं सहावी-सातवीच्या मुलांची तशी निवड केली.

आता आपली अर्धी वाट बघू. आठवीचे मार्क कधी तयार होतात? जूनपासून एप्रिलपर्यंत. आणि आपली पोरगी वर्गातून कधी उठते? दिवाळीच्या आगेमागे. परत येते कधी? मार्च-एप्रिलला. म्हणजे ज्या महिन्यांत अभ्यास होतो, ते सगळे महिने ती पालावर धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी थापते. ती हुशार आहे, तिला आवड आहे, पण हजेरीत तिचं नाव नाही.

दुसरं त्याहून कडू आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या शंभर बायांपैकी चाळीसपेक्षा जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. नववी म्हणजे चौदा-पंधरा वर्षं. युविकाचा अर्ज भरायचं वय आणि पाहुणे बघायला यायचं वय आपल्याकडं एकच आहे. मी तुम्हाला दोष देत नाही. पोरगी पालावर एकटी कशी ठेवायची, ही काळजी खरी आहे. पण त्या काळजीवर लग्न हा उपाय नाही. उपाय म्हणजे ती सुरक्षित राहून शिकेल अशी जागा. हंगामी वसतिगृह आहे, ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. लेकरू बरोबर न्यावंच लागलं तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायचं. ते दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. या गोष्टी आपण मागितल्या तर मिळतात, गटानं एकत्र मागितल्या तर लवकर मिळतात.

गाडीत पडलेला प्रश्न

प्रश्न कसा पडतो ते सांगते. आपल्या भागातली चौथीतली एक मुलगी. रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आईबापाबरोबर निघाली होती. मांजरसुंब्याचा घाट गेला, गावं मागं पडली, झाडं मागं पळाली. पण चंद्र मागं पडेना. तिनं आईला विचारलं, “आई, चांदोबा आपल्यासंगं कारखान्याला येतोय का?” आई दिवसभराची दमलेली. म्हणाली, “झोप गप.” परत आल्यावर मुलीनं तोच प्रश्न मला विचारला.

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही आईला देता येईल. रस्त्याकडेचं लिंबाचं झाड हाताच्या अंतरावर, म्हणून ते झटकन मागं जातं. बालाघाटाचा डोंगर लांब, तो हळूहळू सरकतो. चंद्र तर ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. आपण दोनशे-तीनशे किलोमीटर गेलो तरी त्याच्या हिशोबात आपण जागचं हललोच नाही. म्हणून तो बरोबर येतोय असं वाटतं. खरं म्हणजे कोल्हापूरच्या पालावरून आणि लिंबागणेशच्या अंगणातून एकाच रात्री चंद्राचा आकार सारखाच दिसतो.

उत्तर येत नसेल तर तेही चालेल. “मला नाही माहीत, वहीत लिही, सरांना विचारू,” एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं. पण “गप बस” म्हटलं की प्रश्न तिथंच मरतो, आणि तसे दहा प्रश्न मेले की पोरगी विचारायचंच सोडून देते. पुढं तिचं लग्न ठरवतानाही ती काही विचारत नाही. आपण म्हणतो, पोरगी लई गुणाची, तोंड वर करून बोलत नाही.

आता काय करायचं

चार कामं सांगते. ग्रामसंघाच्या ठराववहीत लिहून घ्या.

एक, चंद्राची वही. दसऱ्यानंतर पाच दिवसांनी कोजागरी. त्या रात्री दुधाबरोबर प्रत्येक लेकराच्या हातात एक साधी वही द्या. खर्च गटानं करावा. वहीत चार रकाने आखायचे: तारीख, किती वाजता दिसला, आकाशाच्या कुठल्या बाजूला, आणि आकार, तो पेन्सिलीनं काढायचा. ढग असले तर ‘ढग’ लिहायचं, खोटं काही लिहायचं नाही. मागच्या पानांवर प्रश्न लिहायचे. गावात राहणाऱ्या लेकरानं संध्याकाळी बघायचं. पालावरच्या लेकरानं आईबाप पहाटे उठतात तेव्हा डोळे उघडले तर बघायचं. वद्य पक्षातला चंद्र पहाटे आकाशात असतो, तो गावात झोपलेल्या लेकरांना दिसत नाही. म्हणजे पालावरची वही भरल्याशिवाय गावातली वही पूर्ण होणार नाही. एक ध्यानात ठेवा, ही वही शाळेच्या बदल्यात नाही. शाळा पहिली. पण लेकरू नेलंच, तर निदान शिकायची सवय त्याच्याबरोबर जाऊ द्या.

दोन, कणकेचा गोळा. चंद्राची कोर पृथ्वीच्या सावलीमुळं होते असं पुष्कळ जणांना वाटतं, मोठ्यांना पण. ते खरं नाही. एका रात्री खोलीत एकच बल्ब लावा. कणकेचा लिंबाएवढा गोळा काडीला टोचा, हात लांब करून डोक्यापेक्षा थोडा वर धरा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. बल्ब सूर्य, गोळा चंद्र, तुम्ही पृथ्वी. बल्बच्या बाजूला गोळा धरला की अंधारी बाजू दिसते, ती अमावास्या. बल्बाकडं पाठ केली की पूर्ण उजळलेला दिसतो, ती पौर्णिमा. मधे कोर, मधे अर्धा. चंद्राची अर्धी बाजू कायम उजळलेली असते, आपल्याला ती किती दिसते एवढाच फरक. आणि पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण होतं, ती गोष्ट वेगळी. प्रयोग झाला की कणकेची चपाती करा, काही वाया जात नाही.

तीन, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या बाया असायला पाहिजेत असा नियम आहे. आपल्यातल्या ज्या समितीवर आहेत त्यांनी फक्त सह्या करून येऊ नका. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा: हमी कार्डं दसऱ्याच्या आत मिळावीत, हंगामी वसतिगृहाची यादी आत्ताच व्हावी, आणि युविकासारख्या अर्जांच्या तारखा शाळेच्या फळ्यावर लागाव्यात. युविकाची जाहिरात बहुतेक फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला येते. तेव्हा आई फडात असेल, म्हणून मोबाइलवर अर्ज भरायची जबाबदारी गावात राहणाऱ्या सीआरपी ताईवर टाका.

चार, बिनसावलीचा दिवस. हे काम मेमध्ये करायचं, सगळे परत आले की. आपल्या भागात १५ मेच्या आसपास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. सव्वाबारा ते साडेबाराच्या मधे उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. मुसळ उभं करा, कळशी ठेवा, स्वतः उभ्या राहा, सावली पायाखाली जाते. असं वर्षातून दोनदाच घडतं. दुसऱ्या वेळेला, जुलैच्या शेवटी, ढग असतात. पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, प्रत्येक ठिकाणी हा दिवस एक-दोन दिवस किंवा थोडा जास्त मागंपुढं येतो, कारण सूर्य उत्तरेकडं सरकत असतो. त्या दिवशी शाळेच्या पटांगणात सगळ्या चंद्राच्या वह्या घेऊन जमायचं. गावातली वही आणि पालावरची वही शेजारी ठेवायची. मागच्या पानांवरचे प्रश्न मोठ्यानं वाचायचे. ज्यांची उत्तरं आपल्याला देता येणार नाहीत ते एका कागदावर उतरवू आणि पुण्याला आयुकात पाठवू. पाठवायचं काम माझं.

प्रत्येक गटाकडून मला दोन यादी हव्यात, येत्या शनिवारपर्यंत. एक, कुठली लेकरं बरोबर जाणार आहेत आणि कुठली मागं राहणार आहेत. दुसरी, आठवी आणि नववीतल्या मुलींची नावं. पहिल्या यादीतलं एक जरी नाव तुम्ही खोडून दुसऱ्या बाजूला लिहिलंत, म्हणजे जाणार होती ती राहणार असं झालं, तर आजच्या सभेचं चीज झालं.

वह्यांचा हिशोब कोषाध्यक्षताईंकडं द्यायचा आहे, तो चहाच्या आधी उरकू.